अंगावर काढलेले दुखणे

मराठी भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्यात थोडी तक्रार असली, तरी कौतुकाचा अंशही आहे. घरातील कर्त्या पुरुषाने ताप अंगावर काढून पेरणी उरकली, सासुरवाशिणीने अंगदुखी अंगावर काढून लग्नकार्य निभावले, अशा गोष्टी घरोघरी अभिमानाने सांगितल्या जातात. पुष्कळशी दुखणी अशी अंगावर काढली तरी आपोआप ओसरतात, आणि त्यामुळे हा वाक्प्रचार आजवर निभावून गेला आहे. परंतु एका रोगाच्या बाबतीत त्याने फार मोठी किंमत वसूल केली. तो रोग म्हणजे कर्करोग. पश्चिम भारतातील या रोगाविरुद्धच्या लढ्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात भव्य रुग्णालये आहेत, व्यासंगी संशोधक आहेत, किरणोपचाराची यंत्रे आणि औषधे आहेत. तथापि रोग्याचे भवितव्य पुष्कळदा ठरले ते एका साध्या प्रश्नावर : त्याने आपले दुखणे पहिल्यांदा बोलून दाखविले ते कोणत्या दिवशी?

हा रोग काही नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने शरीरातील गाठींचे वर्णन आले आहे. अशी गाठ वाटोळी, स्थिर, खोलवर मूळ असलेली, सावकाश वाढणारी, न पिकणारी आणि मंद वेदनेची असते, असे तेथे म्हटले आहे. ग्रीक वैद्यांनी अशाच विकाराला ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, असे नाव दिले. गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा त्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या भासल्या. लॅटिन भाषेत त्याच अर्थाने ‘कॅन्सर’ हा शब्द रूढ झाला आणि मराठीने त्याला ‘कर्करोग’ म्हटले. ही नावे रोगाचे भयंकर रूप डोळ्यांपुढे उभे करतात. परंतु सुश्रुतसंहितेतील त्या वर्णनात खरी महत्त्वाची खूण आहे ती ‘मंद वेदना’ ही. कर्करोग प्रारंभी बहुधा दुखत नाही. स्तनातील गाठ दुखत नाही, तोंडातील पांढरा चट्टा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. दुखू लागेल तेव्हा पाहू, असे म्हणता म्हणता दुखू लागते, त्या वेळी रोगाने शरीरात आपले बस्तान बसविलेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाच्या हाती दोन नवी साधने आली. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले आणि १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला. शस्त्रक्रियेच्या जोडीला किरणोपचार आले आणि काही कर्करोग बरे होऊ शकतात हे सिद्ध झाले. त्याबरोबरच एक नवी अडचणही ध्यानात आली. उपाय आहे, पण रोगी वेळेवर येत नाही. अमेरिकेत १९१३ साली काही डॉक्टर आणि व्यापारी यांनी एकत्र येऊन कर्करोग-नियंत्रणासाठी जी संस्था स्थापन केली, तिचे पहिले काम लोकांच्या मनातील भीती आणि तोंडावरील कुलूप काढणे हेच होते. त्या काळी तेथेही या रोगाचे नाव चारचौघांत उच्चारणे अशिष्ट समजले जाई.

भारतात तर हा रोग मुळी थोडाच आढळतो, तो पाश्चात्त्यांचा आणि श्रीमंतांचा रोग आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. हा समज दूर होण्यास जी घटना कारणीभूत झाली तिच्या मुळाशी एक कौटुंबिक दुःख होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडनजीक वेल्समध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या न्यासाने मुंबईत परळ येथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे ठरविले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. ऐन महायुद्धाच्या धामधुमीत उघडलेल्या या रुग्णालयाचा कारभार १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेला. पुढे १९६६ साली शेजारची संशोधन संस्था व हे रुग्णालय एकत्र करण्यात आले. गोव्यापासून इंदूरपर्यंत आणि बेळगावपासून वऱ्हाडापर्यंत ‘परळला नेले’ या दोन शब्दांचा अर्थ आज कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. क्ष-किरणांचा शोध लागला त्याच १८९५ साली जन्मलेल्या या विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखालील पेशींइतकेच लक्ष माणसांच्या चालीरीतींकडे दिले. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक आढळतो आणि त्यांच्या राहणीत असे काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. १९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या प्रश्नाची चकित करणारी उत्तरे आहेत. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने तेथील त्वचेचा कर्करोग होतो. चुना-तंबाखूची गोळी ओठाआड धरणाऱ्यांना ओठाच्या आतील बाजूस होतो. आणि विडी-चिरूट पेटते टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्यांना टाळूस होतो. काश्मीरमध्ये पोटाशी निखाऱ्यांची कांगरी धरणाऱ्यांच्या पोटाच्या त्वचेवर कर्करोग होतो, हे त्याआधीच ठाऊक झाले होते. दैव आणि पूर्वसंचित यांच्या खात्यावर जमा होणारा रोग अशा रीतीने सवयींच्या खात्यावर मांडला गेला. सवय बदलता येते. म्हणून हा केवळ वैद्यकीय शोध नव्हता, तो एका मोठ्या आशेचा आरंभ होता.

महाराष्ट्र आणि गोमंतक यांना या शोधाचा विशेष संबंध पोचतो. तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळी दातांना लावणे हा कोकणात, देशावर आणि गोव्यात असंख्य स्त्रियांचा नित्याचा परिपाठ होता व अद्यापही तो सर्वस्वी सुटलेला नाही. विडी ओढणाऱ्या पुरुषाला कोणी व्यसनी म्हणेल. मशेरी लावणाऱ्या बाईला मात्र कोणी व्यसनी म्हणत नाही, कारण ती दातांची स्वच्छता समजली जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीचे चट्टे यांचा तंबाखूशी किती निकट संबंध आहे, हे त्या पाहणीने खेड्यापाड्यांच्या पातळीवर दाखवून दिले.

परळच्या या परंपरेत पुढेही अनेक कर्तबगार माणसे झाली. मूळचे गोव्याचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांची कीर्ती अशी की, रुग्णालयासमोरील रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन देशातील तशी पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. डॉ. दिनशा जस्सावाला यांनी नवल टाटा यांच्या सहकार्याने १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. लोकशिक्षण आणि रुग्णसाहाय्य ही कामे या संस्थेने हाती घेतली आणि १९६३ साली मुंबई शहरातील कर्करोग्यांची रीतसर नोंदवही सुरू केली. किती जणांना, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग होतो, हे त्यामुळे प्रथमच आकड्यांत कळू लागले.

परंतु शहरातील नोंदवहीने खेड्यांचे काही कळत नव्हते, आणि देश तर खेड्यांत राहत होता. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांवरून एवढेच दिसत होते की, खेड्यातला रोगी फार उशिरा येतो. तो इतका उशिरा का येतो, या प्रश्नाचे उत्तर परळमध्ये बसून मिळणे शक्य नव्हते. ते मिळाले सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावी.

बार्शी म्हणजे भगवंताच्या मंदिराचे आणि एकेकाळच्या चिमुकल्या बार्शी लाइट रेल्वेचे गाव. तेथे डॉ. भगवान नेने यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८१ साली कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव त्याला देण्यात आले. १९८७ साली या रुग्णालयाच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागाची देशातील ही पहिलीच नोंदवही होय.

शहरात नोंद करणे तुलनेने सोपे असते. रुग्णालयांचे कागद असतात, मृत्यूचे दाखले असतात, त्यांवरून माहिती टिपून घेता येते. खेड्यात कागदच नव्हता. आजारी माणूस डॉक्टरकडे गेलाच नाही, तर त्याच्या रोगाचे नाव कोणत्याही वहीत येत नाही. तो म्हातारपणाने गेला किंवा खंगून गेला, एवढेच गाव म्हणते. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव हिंडावे लागले. ते सरपंचांना भेटत, शिक्षकांना भेटत, गावकऱ्यांना एकत्र बसवून बोलत. कोणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे काय, कोणाच्या छातीत गाठ आहे काय, पाळी गेल्यानंतरही कोणा बाईला रक्तस्राव होतो काय, अशी चौकशी करण्यासाठी आधी या गोष्टींचा अर्थ काय हे सांगावे लागे. संशयित रोग्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात येण्यास मदत केली जाई. मोजणी करावयास गेलेली माणसे अशा रीतीने न कळत शिक्षक बनली.

त्या भागातील स्त्रियांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा होता. हा रोग ज्या लक्षणांनी प्रथम प्रकट होतो, त्यांविषयी बाई सासूपाशी बोलत नाही, नवऱ्यापाशी बोलत नाही, आणि पुरुष डॉक्टरपाशी तर मुळीच बोलत नाही. ‘अंगावरून जाते’ एवढ्या दोन शब्दांआड ती वर्षे काढते. अशा परिस्थितीत केवळ बोलण्याने काय साधणार, असे कोणासही वाटले असते. परंतु काही वर्षांतच नोंदवहीचे आकडे बदलू लागले. रोग गर्भाशयापाशीच किंवा त्याच्या निकट मर्यादित असताना रुग्णालयात पोचणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली हा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि १९९८ साली, अशा स्त्रियांचे आयुर्मानही सुधारले असल्याचे दाखविले. मधल्या काळात त्या खेड्यांत नवे यंत्र आले नव्हते. बायकांना माहिती मिळाली होती आणि ते बोलून दाखविण्यात काही लाज नाही असा धीर मिळाला होता, एवढाच काय तो फरक पडला होता.

या अनुभवाच्या पायावर पुढचे मोठे काम उभे राहिले. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ साली ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विशिष्ट विषाणूमुळे होतो, हे तोवर सिद्ध झाले होते. काही गावांतील स्त्रियांची त्या विषाणूसाठी तपासणी करण्यात आली, काहींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आल्या, काहींची व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी करण्यात आली, आणि चौथ्या गटास केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. या सर्व तपासण्या एकेकदाच झाल्या. २००९ साली आठ वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या; तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत तसा निर्णायक फरक पडला नाही.

मराठवाड्यातील खेड्यांनी साऱ्या जगाच्या वैद्यकाला दिलेला हा धडा होता. मात्र तो देताना एक अवघड प्रश्नही उभा राहिला. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्यातील स्त्रियांचे काय? अशा स्वरूपाच्या अभ्यासांवर पुढे जगात कठोर टीका झाली आणि नैतिकतेचा वाद माजला. त्या ६४ स्त्रियांची आठवण ठेवल्याखेरीज त्या ज्ञानाचा उपयोग करणे कृतघ्नपणाचे होईल. आणि त्याचा उपयोग न करणे हे तर त्याहून मोठे पातक ठरेल.

मुंबईतील झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांचा असाच एक अभ्यास चालला. तेथे तपासणी करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. शालान्त इयत्तेपर्यंत शिकलेल्या आणि खास तयार केलेल्या स्त्रिया होत्या. आम्ल लावून केलेली पाहणी त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. एकदाच केलेल्या पाहणीने उस्मानाबादेत जे साधले नव्हते, ते या पुनःपुन्हा केलेल्या पाहणीने साधले : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. महागडी प्रयोगशाळा नसली, तरी जाणती आणि चिकाटीची माणसे असतील, तर जीव वाचतात, हा त्याचा अर्थ.

तंबाखूच्या बाबतीत मात्र नुसती माहिती पुरेशी पडली नाही. तेथे कायद्याचा आधार घ्यावा लागला. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर घातलेली बंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नंतर अन्नसुरक्षेच्या नियमांन्वये मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखाबंदी अंमलात आणली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तिचा अवलंब केला. तथापि पानाच्या गादीवर वेगवेगळ्या पुड्या घेऊन त्या एकत्र करून खाण्याची युक्ती लोकांनी लवकरच शोधून काढली. कायदा दुकानापर्यंत पोचतो; दुकानातून तोंडापर्यंतचे अंतर मात्र माणसाच्या स्वतःच्या निश्चयानेच तोडावे लागते.

रोग वेळेवर ओळखला गेला, तरी रोग्याची कसोटी तेथे संपत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात. गावाकडून आलेला शेतकरी मुंबईत राहावयाचे कोठे या एकाच प्रश्नाने खचून जातो. परळच्या पदपथांवर अंथरुणे टाकून पडलेली अशी कुटुंबे शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. या बाबतीत संत गाडगे महाराजांची शिकवण फळास आली. तीर्थक्षेत्री जाणाऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या महापुरुषाने रुग्णांच्या नातलगांचीही तीच गरज ओळखली होती. १९५६ साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या नावाने दादर येथे चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या असंख्य रुग्णांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे मुंबईतले घर बनली. १९६९ साली मुंबईत स्थापन झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही औषधांपासून पुनर्वसनापर्यंत गरीब रुग्णांना हात दिला.

आणि ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला, त्यांचे काय? ‘आता घरी न्या’ या तीन शब्दांनी वैद्यक आपले हात झटकून मोकळे होत असे. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ ही संस्था सुरू केली. अंतिम अवस्थेतील कर्करोग्यांची शुश्रूषा करणारी ही देशातील पहिली संस्था. तिची एक शाखा गोव्यातही आहे. ‘अवेदना’ या शब्दातच तिचे ध्येय आले आहे. रोग हटविता आला नाही, तरी वेदना हटविता येते, आणि अखेरच्या दिवसांतही माणसाला त्याच्या नावाने हाक मारणारे कोणी तरी जवळ असावे, ही जाणीव तिने रुजविली.

संस्था जे करतात, त्याची खरी परीक्षा घरात होते. कर्करोग संसर्गजन्य नाही. रोग्याच्या ताटातून किंवा अंथरुणातून तो पसरत नाही. तरीही कित्येक घरांत रोग्याचे भांडे वेगळे होते. मुलीचे लग्न अडेल म्हणून आईचा रोग लपविला जातो. ‘त्यांना सांगू नका’ असे नातलग डॉक्टरांना विनवितात, आणि ज्याच्या देहावर सारे चालले आहे त्यालाच अंधारात ठेवले जाते. रोगी मात्र इतरांच्या चेहऱ्यांवरून सर्व ओळखतो आणि त्यांना दुःख होऊ नये म्हणून आपणही काही ठाऊक नसल्याचे सोंग करतो. एकाच छपराखाली राहणारी माणसे अशा वेळी एकमेकांपासून किती दूर जातात, हे अनुभवलेल्या कुटुंबांनाच कळते. उलट, जेथे रोगाचे नाव सरळ उच्चारले जाते, तेथे औषधाच्या वेळा पाळल्या जातात, परळच्या फेऱ्या वाटून घेतल्या जातात, आणि रोग्याला आपल्या भीतीविषयी बोलण्यास जागा मिळते.

न भरणारी जखम, वाढणारी गाठ, अकारण रक्तस्राव, घोगरा झालेला आणि न सुधारणारा आवाज, गिळताना होणारा अडथळा, शौचाच्या सवयीत पडलेला व टिकून राहिलेला बदल, रंग किंवा आकार बदलणारा तीळ : ही लक्षणे दिसली की कर्करोग झालाच असे मुळीच नाही, पुष्कळदा त्यांचे कारण साधेच निघते. पण ते साधे आहे की नाही हे ठरविण्याचे काम तपासणीचे आहे, सहनशीलतेचे नव्हे. सुश्रुतसंहितेने ‘मंद वेदना’ ही खूण लिहून ठेवली, खानोलकरांनी सवयींकडे बोट दाखविले, बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ते समजावून सांगितले. आता उरले आहे ते प्रत्येक घराचे काम. घरातल्या बाईने किंवा पुरुषाने ‘मला हे होत आहे’ असे म्हटले, तर ते ऐकून घ्यावे आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरची वाट धरावी. दुखणे अंगावर काढणाऱ्याचे कौतुक मराठी समाजाने पुष्कळ केले. वेळेवर बोलणाऱ्याचेही तितकेच कौतुक तो करू लागेल, तर पुष्कळ घरांतील दिवे मालवावयाचे टळतील.